फळ्यांच्या कुंपणापलीकडून

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण शेवटचा प्रसंग घडला तेव्हा मी त्याच खोलीत होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि बाहेर अजून उजेड होता.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. नाव बर्तालान, पण सगळं गाव त्याला बर्ती म्हणायचं. गाव आमचं सिल्वाश. आजच्या नकाशात बघाल तर युक्रेनच्या अगदी पश्चिम टोकाला, स्लोव्हाकियाच्या सीमेला चिकटलेलं. घरात मात्र आम्ही हंगेरियन बोलतो.

सुरुवात झाली १९५२ च्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी. दिवेलागण झाली होती. बायका स्मशानात मेणबत्त्या लावायला गेल्या होत्या.

बर्ती तंबाखूच्या शेडमध्ये एकटा होता. सामुदायिक शेतीची तंबाखू तिथे दोऱ्यांवर वाळत असायची आणि ती राखायचं काम त्याच्याकडे होतं. शेडच्या मागे मातीची एक मोकळी पट्टी होती आणि पट्टीच्या पलीकडे सीमेचं कुंपण.

आधी कुत्री गप्प झाली.

चौकीवरच्या कुत्र्यांची ती खायची वेळ. त्या वेळी ती नेहमी गाव डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी भुंकता भुंकता मध्येच थांबली... कुणीतरी तोंड दाबावं तशी.

मग खुरप्याचा आवाज आला.

खच्... खच्... खच्...

ओल्या मातीत लांब दांड्याचं खुरपं पडावं तसा. आणि तो येत होता मागच्या त्या मोकळ्या पट्टीतून.

तिथे माणूस असणं शक्यच नव्हतं. शिपाई ती माती रोज दाताळ्याने विंचरून ठेवत. एक पाऊल उमटलं तरी दिसायला हवं, म्हणून. पाऊल दिसलं की चौकशी, आणि माणूस दिसला की गोळी.

आणि मग एक बाई गायला लागली.

*कोपऱ्यावरची भट्टी निवली गं,*
*पीठ परातीत तसंच राहिलं गं...*

बर्तीच्या हातातली दोरी गळून पडली.

तो आवाज ओर्शीचा होता.

आणि ओर्शीला मरून वर्ष होत आलं होतं.

ही ओर्शी कोण, ते सांगायला हवं. त्याआधी थोडं गावाबद्दल.

आमचं गाव जागचं कधी हललं नाही. देश मात्र त्याच्या अंगावरून येत-जात राहिले. बर्तीची आई म्हणायची, "मी याच चुलीपुढे उभी राहून पाच राज्यं बघितली. पाचही जणांनी आल्या आल्या आधी आमची डुकरं मोजली." बर्ती जन्मला तेव्हा चौकात झेक पोलिस होता. तो लग्नाला आला तेव्हा तिथे टोपीत कोंबड्याची पिसं खोवलेला हंगेरीचा शिपाई होता. मग रशियनांचा लाल तारा आला. दर वेळी स्टेशनवरची पाटी बदलायची. रंगवणारा माणूस तोच. तो म्हणायचा, मला आता अक्षरं येतात, गावाचं नाव येत नाही.

लाल ताऱ्यावाले आले आणि त्यांनी गावातले धडधाकट पुरुष 'थोडंसं काम आहे' असं सांगून नेले. बर्ती त्यांतच होता. ते थोडंसं काम लांबच्या छावणीत तीन हिवाळे चाललं. तो परत आला तेव्हा त्याच्या डाव्या पायाला बोटं नव्हती, आणि त्याला रशियन येत होतं.

परत येऊन बघतो, तर गावाच्या मधोमध कुंपण.

मोठ्या रस्त्यावर आडवं. आधी तारेचं होतं, मग उंच फळ्यांचं झालं. अर्धं गाव आमच्यात, अर्धं पलीकडच्या देशात. चर्च इकडे राहिलं. बेकरी तिकडे गेली. बर्तीची बायको बोरी इकडे, आणि तिची आई तिकडे. मायलेकींच्या घरांमध्ये अंतर किती, तर तव्यावर कांदा टाकला की वास जाईल एवढं.

पलीकडे बोलायला बंदी होती. हात हलवायला बंदी होती. मान वर करून बघत उभं राहिलं तरी चौकीवर बोलावणं यायचं.

गाण्याला मात्र बंदी नव्हती.

हे पहिल्यांदा ओर्शीच्या ध्यानात आलं.

ओर्शी विधवा होती. अंगाने दणकट, जिभेने त्याहून. बायकांच्या टोळीबरोबर ती कुंपणाजवळच्या बीटाच्या शेतात खुरपायची. खुरपता खुरपता कापणीचं जुनं गाणं गायची. चाल जुनी, पण शब्द तिचे. कुणाकडे बाळ झालं, कुणाचं लग्न ठरलं, कोण अंथरुणाला खिळलं, सगळं त्या गाण्यात. पलीकडे कुणीतरी बाई कपडे वाळत घालत असायची. ती ऐकायची आणि तसंच गाऊन उत्तर द्यायची.

शिपाई लांब कुठलेकुठले. त्यांना हंगेरियनचा एक शब्द कळत नव्हता.

"काय गं ओर्शी, आज फार गोड गळा लागलाय," बर्ती एकदा जाता जाता म्हणाला.

"तुझ्या बायकोच्या आईचे गुडघे बरे आहेत, असं तिकडून आलंय," ती खुरपणं न थांबवता म्हणाली. "जा, सांग तिला. आणि वर बघू नकोस गाढवा, तो टेहळणीवाला इकडेच बघतोय."

असं दोन वर्षं चाललं.

मग चौकीवर एक नवा लेफ्टनंट आला. तरुण, शांत. त्याने चौकशी करून रशियन येणारा माणूस शोधला. तो बर्ती. अधूनमधून बोलावून त्याच्याकडून अर्ज वाचून घ्यायचा, चहा पाजायचा. कधी आवाज चढवला नाही.

एक दिवस त्याने खिडकीकडे मान केली. "ती बाई काय गाते रे?"

"कापणीचं जुनं गाणं आहे, साहेब. आमच्या आज्यांच्या वेळचं."

"अस्सं. काल त्यात ट्रॅक्टर होता."

बर्तीने हातातला अर्ज उलटा केला.

"ट्रॅक्टर हा शब्द तुमच्या भाषेतही ट्रॅक्टरच आहे ना?" लेफ्टनंट हसला. खरंच हसला, मजा वाटल्यासारखा. "आज्यांच्या वेळी होते का ट्रॅक्टर?"

खरं होतं. आदल्या दिवशी ओर्शीने ट्रॅक्टरवाल्याच्या घरी मुलगा झाल्याचं गायलं होतं.

लेफ्टनंटने चहा ओतला. साखर पुढे सरकवली. मग त्याने बर्तीच्या पायाकडे बघितलं.

"तिकडे थंडी फार असते, नाही?"

बस्स. एवढंच म्हणाला.

बोरीला तेव्हा पाचवा महिना होता. घरी पाळण्याला रंग देऊन झाला होता. बर्ती त्या साखरेकडे बघत राहिला. त्याने दोनच शब्द उच्चारले.

"निरोप देते."

दुसऱ्या दिवशी शेतातून ओर्शीला उचललं. ट्रकपाशी जबानी घेताना दुभाषी म्हणून बर्तीलाच उभं केलं. तिचं तोंड सुजलेलं होतं. त्याला बघून ती म्हणाली, "नीट सांग हं बर्ती. माझ्या गाण्याची वाट लावू नकोस."

तिला माहीत होतं की नव्हतं, ते त्याला कधीच कळलं नाही. आयुष्यभर तो हे एकच वाक्य उलटसुलट करत राहिला.

हिवाळा संपता संपता कळलं, ओर्शी वाटेतच, मालगाडीत गेली.

गावाला मात्र एक प्रश्न पडला. चुगली कुणी केली?

चर्चची घंटा वाजवणारा दोमोकोश एका पायाने लंगडा होता आणि चोरून आलुबुखाराची दारू गाळायचा. ती तो शिपायांना विकायचा. एवढं गावाला पुरलं. कुणी त्याला तोंडावर काही म्हणालं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं थांबलं. तो दुकानात शिरला की बाकीचे बाहेर पडायचे.

बर्तीही बाहेर पडायचा.

आणि मग तो मृतांचा दिवस उजाडला, आणि शेडमागून ते गाणं आलं.

बर्तीने धीर करून फटीतून पाहिलं. पट्टी रिकामी होती. माती विंचरलेली, गुळगुळीत. एक पाऊल नाही.

खुरप्याचा आवाज मात्र चालूच होता... डावीकडून उजवीकडे सरकत, जसं एखादं माणूस ओळीने पुढे जातं तसा.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्यांनी कुंपणानंतर बांधलेल्या प्रार्थनाघराची घंटा वाजली. कुणीतरी गेलं होतं. कोण, ते इकडे कुणालाच कळेना. तार यायला दहा-बारा दिवस लागले. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक गेला होता. परातीत पीठ मळता मळता.

गावाच्या आधी हे फक्त बर्तीला माहीत होतं.

त्यानंतर ते थांबलं नाही.

कधी महिन्यात दोनदा, कधी चार-चार महिने काहीच नाही. नेहमी दिवेलागणीला. आधी कुत्री गप्प व्हायची... मग खुरपं... मग गाणं. पलीकडचे जन्म, पलीकडची लग्नं, पलीकडचे मृत्यू. एकही खोटं ठरलं नाही. इतर कुणाला ते ऐकू यायचं नाही. एकदा शेडमध्ये त्याच्यासोबत दुसरा गडी होता. गाणं अगदी पाठीमागे चाललेलं, आणि तो गडी बर्तीला म्हणाला, "आज काय शांत आहे नाही सगळं."

बर्तीने शेडचं काम सोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला लोहाराच्या हाताखाली गेला.

पहिल्याच संध्याकाळी, भात्याच्या आवाजात... खच्... खच्...

सर्वांत वाईट काय, तर त्या गाण्यात त्याचं नाव कधी आलं नाही. शिवी नाही. शाप नाही. ओर्शी फक्त आपलं काम करत होती. निरोप द्यायचं. आणि तो निरोप पुढे नेणारा आता एकटा तोच उरला होता.

आणि तो नेत नव्हता. कसा नेणार? कुणी सांगितलं, असं विचारलं तर काय सांगणार?

मग ती संध्याकाळ आली.

त्यांची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. बर्ती अंगणात लाकडं फोडत होता. कुत्री गप्प झाली.

*खिडकीतली म्हातारी दार उघडं ठेवते गं,*
*लेक माझी पलीकडे, पाऊल तिचं ऐकते गं,*
*हाक माझी पोचू दे गं, उद्या मी असेन नसेन गं...*

बोरीची आई.

ओर्शी जिवंत असती तर काय झालं असतं? बोरी धावत कुंपणाशी गेली असती. फळीला तोंड लावून एकदा 'आई' म्हणाली असती. मग चौकीवर नेलं असतं, दंड केला असता, काय व्हायचं ते झालं असतं. पण आईला तो आवाज ऐकू गेला असता.

बर्ती घरात आला. बोरी शेवयांवर खसखस आणि साखर घालत होती. त्या दिवशी ती खुशीत होती. मुलीने कविता पाठ म्हणून दाखवली होती.

"हात धू," ती म्हणाली. "तोंड का असं झालंय तुझं?"

"काही नाही. पाठ भरून आलीये."

तो जेवायला बसला.

जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडची घंटा वाजली. बोरी कपडे पिळता पिळता थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. बाईमाणूस गेलं की आमच्याकडे घंटा मध्ये दोनदा थांबते. तशी ती थांबली.

"कुणाची तरी आई गेली रे," बोरी म्हणाली. "बिचारी." तिने क्रूसाची खूण केली आणि पुन्हा कपडे पिळू लागली.

बर्ती दोन पावलांवर उभा होता.

तार आली तेव्हा अंत्यविधी होऊन आठवडा झाला होता. बोरी रडली नाही. ती कुंपणाकडे तोंड करून अंगणात बसून राहिली आणि म्हणाली, "मी तर इथेच होते. मला नुसतं कुणी सांगितलं असतं."

बर्तीने तिच्या खांद्यावर शाल घातली.

वर्षं गेली. ओर्शी गातच राहिली. बर्तीने कानात मेण घालून बघितलं. दारू पिऊन बघितली. गाणं बाहेरून येत असतं तर मेणाने अडलं असतं.

मग एका शरद ऋतूत गाणं पहिल्यांदाच इकडच्या बाजूचं आलं.

*घंटेचा दोर लोंबतो गं, हात कुठे गेला गं,*
*दार लोटलेलं आहे गं, आत कुणी जाईना गं...*

बर्तीला क्षणभर कळेना. मग तो उठला आणि लंगडत धावत सुटला.

दोमोकोश चर्चमागच्या खोलीत पलंगावर पडला होता. चूल कधीची विझलेली. ओठ फाटलेले. बर्तीने त्याला पाणी पाजलं.

"काका," तो म्हणाला. आणि मग त्याला थांबताच आलं नाही. "काका, ओर्शीला मी दिलं. मी सांगितलं लेफ्टनंटला. तुम्ही नाही. मी."

दोमोकोशने डोळे उघडले.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कसं?"

"त्या दिवशी तू चौकीतून बाहेर आलास तेव्हा मी वर घंटेपाशी होतो. तू रस्त्यात मध्येच थांबून ओकलास. चहा पिऊन कुणी ओकतं का?" त्याला खोकला आला. "दुसऱ्या दिवशी तिला नेलं. मला काही शाळा शिकायला लागली नाही."

"मग सांगितलं का नाहीत लोकांना? एवढी वर्षं..."

"तुझ्या बायकोला दिवस गेले होते. म्हटलं, बाळंतपण होऊ दे." दोमोकोशने छताकडे बघितलं. "मग म्हटलं, तू येशील. आज येशील. उद्या येशील. रविवारी तू चर्चच्या दारात घुटमळलास की मला वाटायचं, आता येतोय हा."

बर्तीने त्याचा हात धरला.

"मी पडलोय हे तुला कुणी सांगितलं?" दोमोकोशने विचारलं.

"ओर्शीने."

म्हाताऱ्याला जराही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "मला पुरताना सांग सगळ्यांना. आधी नको. आता कुणी भेटायला आलं तर मला कसंतरी होईल."

"सांगतो. शपथ."

पहाटे दोमोकोश गेला.

पुरायला सात-आठ माणसं आली होती, तीही पाद्री काय म्हणेल म्हणून. पाद्र्याची प्रार्थना संपली. माती टाकण्याआधी थोडं थांबतात, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर. बर्ती पुढे झाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यात बोरी होती. त्याची शाळेतून आलेली मुलगी होती.

त्याने खाली वाकून मूठभर माती उचलली. टाकली. आणि मागे सरकला.

त्या दिवसापासून गाणं बंद झालं.

कुत्री भुंकत राहायची. खुरपं वाजायचं नाही. बर्ती दर संध्याकाळी अंगणात जाऊन उभा राहायचा... वाट बघत. पलीकडे घंटा वाजायची, आणि कोण गेलं ते त्यालाही इतरांसारखं तारेतून कळायचं.

पुढे सगळं सांगताना तो म्हणाला, ते गाणं ऐकताना मी रोज मरत होतो, पण ते थांबल्यावर कळलं की तिने आता मला सोडून दिलं.

राज्य पुन्हा बदललं. लाल तारा उतरला, निळा-पिवळा झेंडा चढला. रंगारी मेला होता, त्याच्या नातवाने पाटी रंगवली. कुंपण मात्र अजून होतं. २००५ च्या डिसेंबरात ते मोठ्या रस्त्यावर उघडलं. पायी जाण्यापुरतं, दिवसा. आमच्या अंगणामागच्या फळ्याही काढून नेल्या. नुसते खांब राहिले.

त्या आठवड्यात अर्धं गाव तिकडे आणि तिकडचं अर्धं गाव इकडे. सगळे रडत होते, खात होते. बर्तीआजोबा घराबाहेर पडले नाहीत. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. मी त्यांच्याकडे राहून बोरीआजीला मदत करायचे.

दुपारी दार वाजलं. पलीकडच्या एक मार्गितबाई, साठीच्या. त्या बेकरीवाल्याची मुलगी. हातात खसखशीचा रोल, रुमालात बांधलेला. आत आल्या आणि थेट आजोबांसमोर जाऊन त्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"एकदा बघायचं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आवाज तर लहानपणापासून ओळखते."

"कुणाचा आवाज?" बोरीआजीने विचारलं.

"यांचा. ओर्शीला नेलं आणि मग यांनी गायला सुरुवात केली ना. इकडे कोण जन्मलं, कोण गेलं, आम्हाला सगळं यांच्यामुळे कळायचं."

बोरीआजी हसायला लागली. "हा? अगं, याला आंघोळ करतानासुद्धा कधी गाताना ऐकलं नाही मी."

"असं कसं? संध्याकाळी, या खांबांच्या मागून. माझी आई म्हणायची, भला माणूस, जीव धोक्यात घालतो आपल्यासाठी." मार्गितबाईंनी डोळे पुसले. "आणि मृतांच्या दिवशीचं ते गाणं. दर वर्षी. आम्ही बायका भिंतीला टेकून रडायचो. एवढं कबूल करायला छाती लागते."

मी कॉफी ओतत होते. आजोबांचा चेहरा पिठासारखा झाला.

"कोणतं गाणं?" बोरीआजी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मार्गितबाई एकदा तिच्याकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिल्या. "मला वाटलं... इकडे सगळ्यांना माहीत असेल."

"म्हण."

"बोरीमावशी, राहू दे."

"म्हण, पोरी."

मार्गितबाईंनी ते गायलं नाही, नुसतं सांगितलं. खाली बघत, पाठ असल्यासारखं.

*ओर्शीला मी दिलं गं, दोन शब्दांत दिलं गं,*
*दोष माझा होता गं, दोमोकोशने वाहिला गं.*
*सासू हाका मारत होती, लेक तिची घरात गं,*
*मला ठाऊक होतं गं, मी जेवत बसलो गं...*

मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

मग बोरीआजीने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले. एका जागी केले. म्हणाली, "मार्गित, आता तू निघ. उजेड आहे तोवर पलीकडे पोच."

त्या गेल्या. आजी आजोबांसमोर खुर्ची ओढून बसली. मी जायला निघाले तर म्हणाली, "तू थांब. साक्षीला कुणीतरी हवं."

"मी कधीच गायलो नाही, बोरी," आजोबा म्हणाले. "देवाशपथ. मी एकदाही..."

"ते मी विचारलं नाही. तिकडे सांगितलंस, आता मला सांग. तुझ्या तोंडाने."

आजोबांनी तोंड उघडलं.

ओठ हलले.

आवाज नव्हता.

त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या... काही नाही. मला वाटलं झटका आला. मी उठले.

आणि तेव्हा मला आवाज आला.

बर्तीआजोबांचाच. स्पष्ट, तरुण. खिडकीबाहेरून.

अंगणाच्या पलीकडून, जिथे नुसते खांब उभे होते तिथून.

ओठ माझ्यासमोर हलत होते, आणि शब्द तिकडून येत होते. चहा, साखर, तो लेफ्टनंट, मालगाडी, तंबाखूची शेड, शेवया, दोमोकोशची विझलेली चूल. वर मी जे सांगितलं ते सगळं मी असं ऐकलंय. आजोबांना स्वतःलाही ते ऐकू येत होतं. त्यांच्या डोळ्यांतली ती भीती मी विसरू शकत नाही.

बोरीआजी त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने मान खिडकीकडे वळवली होती.

सगळं सांगून झालं. ओठ मिटले. बाहेरचा आवाजही थांबला.

मग आजी खिडकीकडे बघतच म्हणाली, "आईने मला किती वेळा हाक मारली?"

आजोबांचे ओठ मिटलेलेच होते. ते मी पाहिलंय. घट्ट मिटलेले.

तरी बाहेरून उत्तर आलं.

"रात्रभर," एक बाई म्हणाली.

आजी उठली आणि तिने खिडकी उघडली. बाहेर बर्फ होतं. पाऊल नव्हतं.

त्यानंतर आजोबा दोन हिवाळे जगले. घरात त्यांना आवाज राहिला नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, काही सापडलं नाही. त्यांना भूक लागली, तहान लागली की ओठ हलायचे आणि आवाज अंगणापलीकडून यायचा. आजी त्यांना सगळं करायची. भरवायची, अंग पुसायची. पण त्यांच्याशी बोलायची नाही. बोलायचंच असलं तर खिडकीत जाऊन बाहेर बोलायची.

तिने त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दोघंही आता नाहीत. घर माझ्याकडे आलं. पहिलं काम मी काय केलं असेल, तर ती खिडकी विटांनी बुजवून घेतली. गवंडी म्हणाला, "ताई, एवढा छान उजेड येतो, कशाला बुजवता?" मी म्हटलं, थंडी येते.

भिंतीने काही अडत नाही.

अजूनही कधी दिवेलागणीला बाहेरून कुणी पाणी मागतं. मी कुणाला विचारत नाही की तुम्हालाही ऐकू आलं का. मी एक पेला भरते, मागच्या पायरीवर ठेवते आणि दार लावून घेते.

सकाळी तो भरलेला असतो की रिकामा, ते मी अजून पाहिलेलं नाही. तोंड फिरवून उचलते, उपडा करते आणि धुवून ठेवते.